रिफायनरीतलं चार आठवड्यांचं प्रशिक्षण: एकच युनिट घ्या आणि त्याचा हिशोब जुळवा

प्रश्न थोडक्यात असा: केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतर एका विद्यार्थ्याला माहुलच्या रिफायनरीत आणि त्याच्या मैत्रिणीला नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात चार आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं आहे. तिथे काय पाहावं, काय विचारावं आणि अहवालात काय लिहावं?

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. एक युनिट निवडा, ते पायी फिरून समजून घ्या आणि त्याचा वस्तुमानाचा व उष्णतेचा हिशोब प्रत्यक्ष आकड्यांवरून जुळवा. बहुतेक विद्यार्थी रोज नवं युनिट बघतात आणि शेवटी वीस युनिटांची दोन-दोन परिच्छेदांत ओळख करून देणारा अहवाल बांधतात. ती ओळख ग्रंथालयातही मिळते. चालू प्लँटमधल्या एखाद्या एक्स्चेंजरची (गरम प्रवाहाची उष्णता थंड प्रवाहाला देणाऱ्या उपकरणाची) आजची चार तापमानं मात्र तिथेच मिळतात.

जाण्याआधीची तयारी साधी आहे. कॉलेजचं पत्र, ओळखपत्र, विम्याचे आणि वैद्यकीय कागद मागितले असतील तर ते. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घ्या. नायलॉन, पॉलिएस्टर नको, कारण आगीत ते वितळून कातडीला चिकटतं. स्टीलच्या टोपीचे सेफ्टी शूज स्वतःचे असलेले बरे. मोबाइल, लायटर, काडेपेटी गेटवर जमा होतात, म्हणून खिशात मावणारी वही आणि दोन पेनं ठेवा. पहिला दिवस सुरक्षा प्रशिक्षणात जातो. त्यातल्या तीन गोष्टी नीट मनात ठेवा. पहिली, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी कुठे आहे: गळती झाली तर वाऱ्याला आडवं सरकून मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला जायचं. दुसरी, हायड्रोजन सल्फाइड: कुजक्या अंड्याचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची संवेदनाच मरते, म्हणून ‘वास थांबला’ म्हणजे ‘वायू गेला’ नव्हे. तिसरी, नायट्रोजन: त्याला वासच नाही, आणि उघड्या मॅनहोलमधून नुसतं डोकं आत घातलं तरी माणूस जागीच कोसळतो. व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, नमुना स्वतः काढायचा नाही, भट्टीच्या झरोक्यासमोर उभं राहायचं नाही. आतला दाब क्षणभर वाढला तर ज्योत बाहेर येते, म्हणून बाजूला उभं राहून बघायचं.

आता युनिट कोणतं? रिफायनरीत असाल तर क्रूड डिस्टिलेशन घ्या, म्हणजे कच्चं तेल (क्रूड) उकळवून त्याचे भाग वेगळे करणारं युनिट. हायड्रोक्रॅकर आणि एफसीसी (जड तेल फोडून हलकं करणारी युनिटं) आकर्षक वाटतात, पण त्यांचं खरं काम रिअॅक्टरच्या आत चालतं आणि त्याची बरीच माहिती गोपनीय असते. क्रूड युनिटमध्ये वर्गात शिकलेलं जवळजवळ सगळं उघड्यावर दिसतं: पंप, एक्स्चेंजर, भट्टी, स्तंभ, स्ट्रिपर (स्टीम सोडून तेलातले हलके घटक काढणारा छोटा स्तंभ), गंज.

पहिला आठवडा चालण्याचा. आधी पीएफडी (मुख्य प्रवाह दाखवणारी आकृती) मिळवा, मग पी अँड आयडी (प्रत्येक पाइप, व्हॉल्व्ह आणि उपकरण दाखवणारी सविस्तर आकृती), आणि क्रूडच्या टाकीपासून पाइप धरून निघा. टाकीपाशीच पहिला प्रश्न उभा राहतो. माहुलच्या दोन रिफायनऱ्या १९५४ आणि १९५५ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा क्रूड बाहेरून येत होतं. १९७४ मध्ये बॉम्बे हायचं तेल सापडलं. ते हलकं आहे, त्यात गंधक ०.२ टक्क्यांच्या आत, पण मेण भरपूर. त्याचा पोअर पॉइंट (ज्याखाली तेल वाहायचं थांबतं ते तापमान) ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे मुंबईच्या हवेतही ते घट्ट होऊ शकतं. म्हणून टाकीत स्टीमची वेटोळी आणि पाइपला स्टीम ट्रेसिंग. आखाती क्रूड याच्या उलट: वाहतं, पण गंधक दोन-तीन टक्क्यांपर्यंत. आज कोणतं मिश्रण चालू आहे हे रोज सकाळी विचारा आणि तारखेसह लिहा, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर अवलंबून असतात.

पंपानंतर थंड बाजूची एक्स्चेंजरची रांग, मग डिसॉल्टर, म्हणजे क्रूडमधलं मीठ काढणारं भांडं. क्रूडमध्ये समुद्राच्या पाण्यासारखं खारट पाणी बारीक थेंबांनी अडकलेलं असतं. १२० ते १४० अंशांना त्यात चार ते आठ टक्के धुण्याचं पाणी मिसळतात आणि विजेच्या क्षेत्रात थेंब एकत्र करून खाली बसवतात. इथे सगळी गंमत मिक्सिंग व्हॉल्व्हची आहे. त्यावरचा दाबाचा उतार फार कमी ठेवला तर पाणी मिठापर्यंत पोहोचत नाही. फार वाढवला तर घट्ट इमल्शन होतं, मधला चिखलासारखा थर जाड होतो, इलेक्ट्रोडपर्यंत चढतो, अँपिअर वाढतात आणि व्होल्टेज पडतं. पॅनलवर (कंट्रोल रूममधल्या पडद्यांवर) अँपिअरचा गेल्या २४ तासांचा आलेख मागा. त्याच्या शेजारी क्रूड टाकी कधी बदलली ती वेळ लिहा. पुष्कळदा दोन्हींचा मेळ बसतो, कारण टाकीच्या तळाचं पाणी आणि गाळ बदलीच्या वेळी ओढला जातो.

मीठ काढायचं कशासाठी, याचं उत्तर स्तंभाच्या माथ्यावर आहे. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड भट्टीच्या तापमानाला पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन क्लोराइड सोडतात. वाफेत असेपर्यंत ते फारसं काही करत नाही. जिथे पाण्याचा पहिला थेंब बनतो तिथे ते आम्ल होऊन कार्बन स्टील खातं. म्हणून माथ्याच्या लाइनमध्ये न्यूट्रलायझिंग अमाइन (आम्ल मारणारं), फिल्मिंग अमाइन (धातूवर पातळ थर बसवणारं) आणि धुण्याचं पाणी सोडतात. माथ्याच्या ड्रमखालच्या बूटमधल्या (पाणी साठणाऱ्या कप्प्यातल्या) पाण्याचा पीएच साधारण ५.५ ते ६.५ ठेवतात आणि लोह व क्लोराइड रोज तपासतात. प्रयोगशाळेतून या तीन आकड्यांचा महिनाभराचा तक्ता मिळाला तर तुमच्या हातात एक अख्खं प्रकरण आलं: डिसॉल्टरमधून मीठ किती सुटलं, त्या दिवशी क्लोराइड किती, लोह किती. पीएच वाढवत नेला की सुरक्षित, असं समजू नका. अमोनिया किंवा अमाइन जास्त झालं की त्यांचे क्लोराइड क्षार घट्ट बसतात आणि त्या थराखाली पाइपला भोकं पडतात.

डिसॉल्टरनंतर गरम एक्स्चेंजर, तिथून क्रूड २५० ते २८० अंशांनी भट्टीत येतं आणि ३५० ते ३७० अंशांनी बाहेर पडतं. त्याहून वर का नेत नाहीत? तेल फुटायला लागतं, नळीत कोक बसतो. म्हणूनच उरलेला जड भाग व्हॅक्युम स्तंभात नेऊन कमी दाबाखाली उकळवतात. भट्टीवर तीन गोष्टी पाहा. फ्लू गॅसमधला (जळून निघणाऱ्या धुरातला) ऑक्सिजन दोन ते चार टक्के आहे का; माथ्याखालचा ड्राफ्ट किंचित ऋण आहे का, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी आहे का; आणि सगळ्या पासमधला (नळ्यांच्या समांतर वाटांमधला) प्रवाह सारखा आहे का. एका पासचा प्रवाह घटला की ती नळी तापते, आत कोक बसतो, कोकमुळे प्रवाह आणखी घटतो. नळीवरच्या स्किन थर्मोकपलचे (नळीच्या पृष्ठभागाचं तापमान मोजणाऱ्या तारांचे) आकडे पासवार मांडले की हे दिसतं.

स्तंभापाशी एक सोपा प्रश्न विचारा: हा इतक्या उंच स्कर्टवर (तळाच्या आधारावर) का उभा केला आहे? तळाचं तेल उकळबिंदूलाच असतं. पंपाच्या तोंडाशी दाब थोडा जरी पडला तरी वाफ होते, पंप खडखडतो, सील जातं. ती उंची म्हणजे पंपाला दिलेला एनपीएसएच, तोंडाशी वाफ होऊ नये म्हणून लागणारा जादा दाब. स्ट्रेनर चोंदला किंवा तळाची पातळी उतरली तरी हेच होतं. सुरू पंपाजवळ उभं राहून तो आवाज एकदा ओळखून घ्या.

पी अँड आयडीवर प्रत्येक कंट्रोल व्हॉल्व्हशेजारी, तो चालवणारी हवा गेली तर तो उघडणार की बंद होणार हे लिहिलेलं असतं. पंधरा व्हॉल्व्ह निवडा आणि प्रत्येकाचं कारण स्वतः लिहून मग शिफ्ट इंजिनिअरला दाखवा. फ्युएल गॅसचा बंद, कारण आग थांबली पाहिजे. भट्टीच्या पासचा उघडा, कारण नळ्या तेलाशिवाय तापता कामा नयेत. रिफ्लक्सचा (माथ्याची वाफ थंड करून स्तंभात परत सोडलेल्या द्रवाचा) उघडा, कारण माथा थंड राहिला पाहिजे. या एका सरावातून युनिटची सुरक्षा जितकी कळते तितकी दहा माहितीपत्रकांतून कळत नाही.

दुसरा आठवडा पॅनलवर. शिफ्ट बदलताना तिथे जाऊ नका. पहिला तासभर हस्तांतराचा असतो आणि तेव्हाचे प्रश्न कोणालाच नको असतात. दुपारच्या शिफ्टच्या मधल्या वेळेत पॅनल ऑपरेटर मोकळेपणी बोलतात. ‘हे काय आहे?’ यापेक्षा ‘हा व्हॉल्व्ह ९२ टक्के उघडा आहे, आणखी प्रवाह लागला तर काय कराल?’ असं विचारा. ज्या काकांनी वीस-पंचवीस वर्षं फील्डवर काढली आहेत त्यांच्याबरोबर एक पूर्ण फेरी मारा. ते कोणता गेज वाचतात आणि कोणत्या गेजवर विश्वास ठेवत नाहीत, हे दोन्ही टिपा.

तिसरा आठवडा हिशोबाचा, आणि इथे घाई करू नका. प्लँट स्थिर असलेले सहा ते आठ तास निवडा: क्रूड बदललेलं नाही, फीड बदललेला नाही. त्या काळाची सरासरी घ्या, एका क्षणाचे आकडे नकोत. आत आलेलं क्रूड आणि बाहेर गेलेले एलपीजी, नॅफ्था, केरोसीन, डिझेल, तळाचं तेल आणि गॅस यांची बेरीज करा. पहिल्यांदा ती जुळणार नाही. चूक साधारण कुठे असते ते सांगतो. मीटर घनमीटर दाखवतो आणि तुम्ही प्रयोगशाळेची १५ अंशांची घनता वापरता. लाइनमधलं डिझेल ५५ अंशांना असेल तर ०.८३० ची घनता सुमारे ०.८०२ होते, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त फरक. ऑरिफिस मीटर (पाइपमधल्या भोकाच्या चकतीवरच्या दाबाच्या फरकावरून प्रवाह सांगणारा) एका ठरावीक घनतेसाठी बेतलेला असतो. घनता बदलली तर वस्तुमानाचं वाचन खऱ्या आणि बेतलेल्या घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमूळाने गुणावं लागतं. स्ट्रिपिंग स्टीम माथ्याला पाणी होऊन निघते, ती तेलाच्या बेरजेत धरायची नाही. स्लॉप लाइन (दर्जाबाहेरचं तेल वळवणारी) उघडी असते आणि कोणी सांगत नाही. या सगळ्या दुरुस्त्यांनंतर दोन-तीन टक्क्यांत आलात तर चांगलं. शंभर टक्के जुळवण्यासाठी आकडे ओढूनताणून बसवू नका, तो फरक तसाच लिहा आणि संशयित मीटरचं नाव द्या.

उष्णतेच्या हिशोबाचं एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. केरोसीन ताशी ६० टन, १८० वरून १२० अंशांवर येतं, विशिष्ट उष्णता ०.५८ (किलोकॅलरी, दर किलोला दर अंशाला). उष्णता झाली ६०,००० × ०.५८ × ६०, म्हणजे ताशी सुमारे २०.९ लाख किलोकॅलरी. समोरून क्रूड ताशी २५० टन, विशिष्ट उष्णता ०.५२, ते १०० अंशांवरून साधारण ११६ वर जायला हवं. प्रत्यक्ष वाचन ११५ ते ११७ असेल तर दोन्ही बाजू जुळल्या. ११० असेल तर आधी बायपास व्हॉल्व्ह आतून गळतोय का ते विचारा, मग थर्मोकपलवर शंका घ्या. दोन टोकांना दोन प्रवाहांच्या तापमानातले फरक ६४ आणि २० अंश, लॉग सरासरी ३७.८, आणि एक शेल-दोन ट्यूब पाससाठी दुरुस्ती गुणांक ०.८६ च्या जवळ. क्षेत्रफळ २४० चौरस मीटर असेल तर यू (उष्णता किती सहज पार होते तो गुणांक; ताशी किलोकॅलरी, दर चौरस मीटरला दर अंशाला) येतो २६५ च्या आसपास. डेटाशीटमध्ये स्वच्छ अवस्थेतला ३५० असेल तर सुमारे २४ टक्के घट. मात्र निष्कर्षाआधी प्रवाह डिझाइनइतका आहे का ते पाहा. प्रवाहच कमी असेल तर यू आपोआप घटतो, त्याचा दोष घाणीवर टाकता येणार नाही.

आता या घटीचे पैसे करा. समजा रांगेतल्या घाणीमुळे क्रूड भट्टीत पाच अंश थंड येतं. गरम क्रूडची विशिष्ट उष्णता ०.६० धरली तर ताशी साडेसात लाख किलोकॅलरी भट्टीने जास्त द्यायची. कार्यक्षमता ९० टक्के आणि फ्युएल गॅसचं उष्मांक मूल्य किलोला १०,५०० किलोकॅलरी धरलं तर ताशी सुमारे ७९ किलो, दिवसाला जवळजवळ १.९ टन इंधन. आता एक्स्चेंजर बंद करून धुण्याचा खर्च मेंटेनन्सकडे विचारा आणि किती दिवसांत वसूल होईल ते मांडा. असं एक पान गाइड (कंपनीतले तुमचे मार्गदर्शक) वाचतात, आणि त्यावर तुमच्याशी बोलायला वेळही काढतात.

हा हिशोब परीक्षेपुरता नाही, हे कळकळीने सांगतो. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत १७० फूट उंच स्तंभ सुरू करताना तो द्रवाने भरत गेला. पातळी दाखवणारं उपकरण फक्त तळाच्या सुमारे दहा फुटांसाठी होतं, आणि भरलेल्या स्तंभातही ते पातळी हळूहळू उतरतेय असं दाखवत राहिलं. शेवटी द्रव ओसंडून ब्लोडाऊन ड्रममधून (जादा द्रव-वाफ सोडण्याच्या टाकीतून) बाहेर पडला, पेटला, १५ कामगार गेले. आत फीड चालू होता आणि तळातून काही निघत नव्हतं. ही एवढी वजाबाकी कोणी केली असती तर गेजवर विसंबून राहावं लागलं नसतं. म्हणून आत किती, बाहेर किती, हे रोज पॅनलसमोर उभं राहून मनात करायची सवय लावा.

आता नागोठण्यासाठी. तिथला क्रॅकर (वायू तापवून, फोडून इथिलीन बनवणारा प्लँट) वायूवर चालतो: उरणला ओएनजीसीच्या प्रकल्पात वेगळे केलेले इथेन-प्रोपेन पाइपने येतात, आणि अलीकडे आयात केलेलं इथेनही दहेजकडून पाइपने येतं. पूर्वी हे संकुल आयपीसीएल या सरकारी कंपनीचं होतं, आता रिलायन्सचं. तिथे हिशोबासाठी भट्टी घ्या. इथेन स्टीमबरोबर, साधारण एक किलोला ०.३ किलो, अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात ८३० ते ८५० अंशांपर्यंत जातं आणि लगेच क्वेंच एक्स्चेंजरमध्ये थंड होतं. उशीर झाला तर बनलेलं इथिलीनच पुढे मोडतं. एका फेरीत ६० ते ६५ टक्के इथेन फुटतं. १०० किलो इथेनपैकी ६५ फुटलं आणि सगळं इथिलीन झालं असतं तर ६०.७ किलो मिळालं असतं. गॅस क्रोमॅटोग्राफच्या आकड्यांवरून ५१ आलं तर निवडकता ८४ टक्के. उरलेलं हायड्रोजन, मिथेन, थोडं प्रोपिलीन, ब्युटाडाइन आणि कोक. न फुटलेलं इथेन परत भट्टीत.

या फीडमध्ये गंधक जवळजवळ नसतं, म्हणून मुद्दाम डायमिथाइल डायसल्फाइड सोडतात. नळीतल्या मिश्रधातूतलं निकेल उघडं राहिलं तर कोक आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही वाढतात. गंधक ते निकेल झाकतं. याचा परिणाम पार पुढे ॲसिटिलीन कन्व्हर्टरवर दिसतो, जिथे पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर ॲसिटिलीनला हायड्रोजन चढवून ते काढून टाकतात. कार्बन मोनॉक्साइड वाढलं तर पॅलेडियम मंदावतं आणि ॲसिटिलीन निसटतं. ते अचानक घटलं तर उत्प्रेरक इथिलीनवरच हायड्रोजन चढवू लागतो आणि तापमान उसळतं. भट्टीची नळी ते कन्व्हर्टर हा एक धागा धरला तरी चार आठवडे पुरतात. डिकोकिंगची (नळीतला कोक काढण्याची) तारीख विचारा. स्टीम आणि हवेने कोक जाळतात तेव्हा हवेचं प्रमाण आणि बाहेरच्या वायूतला कार्बन डायऑक्साइड कसा बघतात ते प्रत्यक्ष पाहायला मिळणं भाग्याचं. पॉलिमर प्लँटसाठी एक दिवस पुरे, प्रयोगशाळेत मेल्ट फ्लो इंडेक्सची (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याची) चाचणी बघा (पॉलिइथिलीनसाठी १९० अंश आणि २.१६ किलो) आणि हायड्रोजन वाढवला की तो आकडा का वाढतो ते विचारा.

मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांनी याच पद्धतीने एक पंप घ्यावा: कर्व्ह, आजचा बिंदू, सीलची योजना, गेल्या वर्षातल्या दुरुस्त्यांची नोंद आणि कंपनांचा आलेख. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी एक इंटरलॉक (धोका दिसताच आपोआप बंद करणारी व्यवस्था), तीनपैकी दोन उपकरणांचं मतदान का ठेवलं आहे इथपासून.

अहवालात कंपनीच्या इतिहासाला अर्धं पान पुरे. युनिटचं वर्णन स्वतः काढलेल्या साध्या आकृतीसह पाच-सहा पानं. पी अँड आयडीची प्रत लावायची नाही, ती कंपनीची मालमत्ता आहे. मग आकडे, हिशोब, जुळलं नाही ते का, आणि एक सूचना खर्चासह. दाब गेजचा की निरपेक्ष, हे प्रत्येक ठिकाणी लिहा. व्हॅक्युम स्तंभात हा घोटाळा झाला की सगळं प्रकरण चुकतं. खरे प्रवाह छापायची परवानगी नसेल तर फीड १०० धरून बाकी सगळं त्या प्रमाणात मांडा, हिशोबाचं काही बिघडत नाही. मसुदा चौथ्या आठवड्याच्या सोमवारी गाइडकडे द्या, शुक्रवारी नव्हे. ते शिफ्टमध्ये किंवा शटडाऊनच्या बैठकीत अडकले तर सही राहते, आणि गेटपास संपल्यावर एका सहीसाठी पुन्हा आत जाणं फार अवघड असतं.